दुधाची जागा

प्रिय धाकट्या,

घरामागच्या मैदानावर आपलं नवं हायपरमार्केट उघडलं. फीत कापली, फुगे सोडले, मी भाषण केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. या बातम्या तुला कुणाकडून तरी कळतातच, तेव्हा त्याचं कौतुक सांगत बसत नाही. सांगायचंय ते आप्पांबद्दल. त्यांना त्या स्टोअरमध्ये येऊ द्यायचं की दारातच अडवायचं, हे मला सोमवारपर्यंत ठरवायचं आहे. ठरवायचं म्हणजे सही करायची, बाकीच्यांचं ठरलेलंच आहे. हे वाक्य लिहून मी क्षणभर थांबले आणि काही वाटतंय का ते पाहिलं. काही वाटलं नाही. हल्ली असंच होतं. दात काढायच्या आधी डॉक्टर हिरडीत सुई देतात, मग आपलाच गाल आपण चिमटून बघतो, तसं.

पहिल्या दुकानाची आठवण तुला करून द्यायला नको, पण मला ती लिहून काढायची आहे. बसथांब्यामागचा तो अरुंद गाळा. गल्ल्यावर तू, आत आप्पा, आणि मी बाहेर पायरीवर पुस्तक घेऊन. जो येईल त्याच्याशी वाद घालत बसलेली. गल्ल्याच्या बाजूला आप्पांनी एक रिकामी फळी ठोकली होती. सामान मोजून झालं की पिशवीतली एखादी वस्तू बाहेर काढून गिऱ्हाईक म्हणायचं, "हे राहू दे." ती वस्तू त्या फळीवर जायची. का, म्हणून विचारायचं नाही, तिकडे बघायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. एकदा तू नुसती भुवई उडवलीस, तर आप्पांनी तुला गल्ल्यावरून उठवून आठवडाभर गोण्या उचलायला लावल्या होत्या. दुकान बंद करताना त्या फळीवरची एकेक वस्तू ते स्वतःच्या हाताने जागेवर नेऊन ठेवायचे. त्या फेरीत त्यांना सगळं गाव कळायचं. कारखान्यातले पगार रखडले की लोणी आधी राहायचं, मग साबण, आणि बाळाच्या दुधाचा डबा राहिला की आप्पा त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठायचे. दुसऱ्या दिवशी ते घाऊकवाल्याशी भांडून लहान डबे, लहान वड्या, लहान पुड्या आणायचे. आपण मोठे झालो ते त्या लहान पुड्यांवर. हे मी भाषणात सांगते, पण ते खरंही आहे.

पुढचं तुला माहीत आहे. शेजारचा गाळा, मग वरचा मजला, मग गावाबाहेरची जुनी गिरणी, मग दुसरं शहर, तिसरं शहर. जिथे शाखा उघडली तिथे मी बोलले. माझा मोठ्या दुकानांवर विश्वास होता आणि अजूनही आहे. मापात मारणाऱ्या, उधारीवर माणसं बांधून ठेवणाऱ्या दुकानदारांच्या तावडीतून लोकांना सोडवायचं, तर दुकान असं मोठं हवं, की आत शिरताना कुणाची ओळख लागू नये आणि जातही कुणी विचारू नये. बिल करणाऱ्या बायकांना बसायला खुर्ची मिळावी म्हणून मी भागीदारांशी भांडले, आणि ती मिळवली. यातलं एकही वाक्य मी मागे घेणार नाही. पण दर भाषणात मी त्या फळीची गोष्ट सांगत गेले, आणि दर शाखेत फळी आखूड होत गेली. आधी ती गल्ल्याखाली गेली, मग तिची टोपली झाली, आणि आता लोक स्वतःच बिल करतात त्या यंत्रांवर फक्त 'रद्द' असं बटण आहे. मूळ फळी मात्र मुख्य कार्यालयात काचेमागे आहे, वर दिवा लावलेली. ते बघून तू म्हणाला होतास, "ताई, तू बोलून बोलून फळी संपवलीस." बॅग उचललीस आणि गेलास. त्यावर मला चांगली पाच-सहा उत्तरं सुचली होती, सगळी तू गेल्यावर.

आता आप्पा. त्यांचं बोलणं जवळजवळ थांबलं आहे. मला ओळखतात, पण नावाने हाक मारत नाहीत. चालणं मात्र ठणठणीत. नवं स्टोअर घरामागेच, म्हणून रोज चहा झाला की ते चप्पल घालून तिकडे जायचे. मला बरंच वाटायचं. वारा लागतो, माणसं दिसतात. काही दिवसांनी तिथल्या मॅनेजर मुलीचा फोन आला. हुशार मुलगी आहे, कुणापुढे चाचरत नाही, पण त्या दिवशी चाचरत होती. म्हणाली, "मॅडम, जरा विचित्र आहे. आमच्या चपलांच्या विभागात दूध सापडतंय." मी हसले. ती हसली नाही. रोज सापडत होतं. बुटांच्या रांगेत दुधाच्या पिशव्या, नीट, तोंडं एका बाजूला करून. दिव्यांच्या रॅकवर साबण. उशांच्या मध्ये चहा. कुणी उनाड पोरं करत असतील म्हणून त्यांनी कॅमेऱ्यातलं चित्रण काढलं. त्यात आप्पा होते.

मी जाऊन ते बघितलं. मॅनेजर शेजारी उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला वाटलं असेल, बाईंना रडू येईल. मी पाणी मागितलं. पडद्यावर आप्पा सावकाश फिरत होते. तुला ठाऊक आहे, फळी नसली म्हणून लोकांचं 'राहू दे' थांबत नाही. यंत्राजवळ पोचायच्या आधीच रांगेतली बाई हळूच लोण्याचा पुडा टॉवेलांच्या मागे सरकवते. कुणी बिस्किटांचा डबा बादलीत टाकून पुढे जातं. आप्पा नेमके तेच हुडकून काढत होते. टॉवेल उचलायचे, मागे हात घालायचे, पुडा घ्यायचे आणि निघायचे. एकदाही अडखळले नाहीत. दारातून आत आल्यावर डाव्या हाताला दूध. नव्या स्टोअरमध्ये तिथे बूट आहेत, पण आप्पांच्या पायांना बूट दिसत नव्हते. ते आपल्या गाळ्यात चालत होते. एवढ्या मोठ्या जागेत, त्या गाळ्याच्या मापाची पावलं टाकत. मॅनेजर हळूच म्हणाली, "कशाला कुठे ठेवायचं ते त्यांचं ठरलेलं आहे, मॅडम. रोज तेच. आमच्या माणसांनासुद्धा इतकं पाठ नाही." मी मान हलवली. त्या फळीबद्दल जवळपास सगळ्या शाखांमध्ये बोललेली बाई मी, पण चहा आपल्याकडे कुठे असायचा ते मला आठवेना.

भागीदारांची बैठक झाली. ते दुष्ट नाहीत, हे मला तुला सांगायलाच हवं, कारण तुला ते दुष्ट वाटतात. दूध बुटांत तासन्तास राहिलं तर नासतं. कुणी ते उचलून घरी नेलं आणि लेकराला पाजलं तर काय, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. मी सुचवलं, सोबत माणूस देऊ. दिला. त्याने आप्पांच्या हातातली साबणाची वडी घेऊन योग्य जागी ठेवली, तर आप्पा तिथेच उभे राहिले आणि घामाने डबडबले. जणू कुणी भर बाजारात त्यांचा सदरा काढून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या माणसाला चकवलं. मग ठरलं की प्रवेश बंद, रखवालदाराकडे फोटो, खाली माझी सही. सगळे माझ्याकडे बघत होते, आता ही उठणार आणि तोफ डागणार म्हणून. एकाने तर पाण्याचा ग्लास आधीच माझ्यापुढे सरकवला. मी उठले नाही. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. आत चाचपून बघितलं, तर काहीच हाताला लागेना. म्हणाले, "सोमवारी सांगते."

तसं बघितलं तर मी सही करणार आहे. त्याशिवाय मार्ग नाही. पण तुला पत्र लिहितेय ते त्यासाठी नाही. बसथांब्यामागचा आपला गाळा कंपनी सोडून देणार होती. इतकी लहान शाखा आता कुणाला परवडत नाही. मी तो माझ्याकडे मागून घेतला. आतलं सगळं त्यांनी उचकटून नेलं होतं, भिंतींवर नुसती खिळ्यांची भोकं. काल आप्पांना तिथे घेऊन गेले. सोबत पिशवीत थोडं सामान होतं. दूध, साबण, चहा, साखर. आप्पा दारातून आत आले, डावीकडे वळले, दूध ठेवायला हात पुढे केला, आणि तिथे फळी नव्हती. हात तसाच राहिला. खाली आणेनात. दुधाची पिशवी मीच त्यांच्या हातातून घेतली. सुताराला बोलावून ठेवलं होतं. त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, "सांगा ताई, कुठल्या फळीवर काय? त्याप्रमाणे उंची धरतो." दूध, साबण, चहा एवढं मी कॅमेऱ्यात बघून सांगितलं. मग तो म्हणाला, "आणि साखर?" मी आप्पांकडे बघितलं. ते खिळ्यांच्या भोकांकडे बघत होते. आता ते दुकान एका माणसाच्या पायांत उरलंय आणि एकाच्या डोक्यात. पाय बोलत नाहीत. तू ये. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, भांडलास तर उत्तम. सुताराला रविवारी सकाळी परत बोलावलं आहे. त्याच्या शेजारी उभा राहा आणि हाताने दाखव, दुधाच्या खाली काय होतं, साखर कुठे होती, काडेपेट्या किती वर होत्या. गल्ल्याजवळची फळी तेवढी मी सांगितली आहे. ती कुठे होती ते मला माहीत होतं, कारण ती पायरीवरून दिसायची.

तुझीच, पायरीवरची,
ताई