ह्यांच्या स्वेटरला कसर लागली

रविवार, संध्याकाळ. कोरेगाव

ह्यांच्या लोकरीच्या स्वेटरला कसर लागली. कोपरावर हे एवढं भोक! सुट्टी संपवून हे फौजेत परत गेले, तेव्हा पेटीत डांबरगोळ्या मीच टाकल्या होत्या. मग गेल्या कुठं? सासूबाईंना विचारलं, "आत्या, गोळ्या तुमी काढल्या?"

"व्हय. त्यो वास आला की वाटतं, पोरगं आता लय दिस यायचं न्हाई."

रागवावं की जवळ बसावं, कळेना. गोळ्या परत टाकू? खरं तर तो वास मलाही नको असतो. पण ते भोक...

शेवटी स्वेटर झटकला आणि अंगातच घातला. एवढ्या उकाड्यात!

"येडी हायस का गं?" म्हणत आत्या शेजारी बसल्या, बाहीवरून हात फिरवत राहिल्या. मला कुरवाळत होत्या की लेकाला, अजून समजत नाही.