विहीणबाईंना सांगितलेला देवमासा

१२ एप्रिल १९८७, चोपडा
सौ.चा गुडघा कसा? कालच्यापेक्षा बरा. आईचा खोकला? उतार आहे. माझं पोट? झकास. आणि सुमन? धुळ्याहून खबर नाही. लेकीला सातवा सरला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय सांगायला हवं? पण विहीणबाई अडून बसल्यात. म्हणे, दवाखाना आमच्या दाराशी, चोपड्याच्या उन्हात कशाला?

१५ एप्रिल
वाचनालयात जुन्या मासिकात कुबड्या देवमासा. हंपबॅक म्हणतात. नावालाच मासा, पिल्लाला अंगावर पाजतो. मादी गार समुद्रात पोटभर खाते, मग हजारो मैल पोहत, स्वतः जन्मली त्याच कोमट पाण्यात येऊन बाळंत होते. म्हणजे माहेरच की!
नर गातात. एका भागातले सगळे एकच गाणं. हळूहळू चाल बदलते, मग सगळेच नवी धरतात.
आखाजी आठवली, आमची खानदेशी अक्षय्य तृतीया. नदीच्या या काठाला आमच्या पोरी, त्या काठाला पलीकडच्या गावच्या. गौराई पाण्यात शिरवताना गाण्यांतून एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरायच्या. सुमनचा आवाज पार पलीकडं जायचा. घरी यायची ती घसा बसवूनच. आताच्या पोरी सिनेमाच्या चालीवर म्हणतात. ती जुनी चाल... असो.

१९ एप्रिल, रवि.
धुळे. आखाजीला बहिणीला आणायला भाऊ मुराळी जातो. सुमनला भाऊ नाही, म्हणून मीच. विहीणबाईंनी प्रेमानं जेवू घातलं. मीही रंगात आलो, देवमाशाची गोष्ट काढली. एवढं मोठं धूड, तेही बाळंतपणाला माहेर गाठतं.
"नाना, आमची सून म्हणजे मासा का हो?"
जावईबापू पाण्याच्या तांब्यामागे हसताहेत. सावरायला गेलो, "तसं नव्हे. ती बिचारी तिथं महिनोन्‌महिने काही खात नाही, अंगच्या चरबीवर काढते..."
"म्हणजे माहेरी उपास! मग सून इथंच बरी."
आपल्याच हातानं आपली लंगडी बाजू दाखवली. एकटाच परत. निघताना सुमन दारात, "नाना, त्या पिल्लाचं पुढं काय होतं?" एस.टी.ची घाई. म्हटलं, मग सांगतो.

२० एप्रिल
सौ. म्हणाली, "तुमना मासानी बठ्ठं बिघाडी टाकं." सगळं बिघडल्याचं खापर माशावर. मग अबोला. तरी शेवया वळायला बसलीच. सुमनला आवडतात तशा, बारीक.

२३ एप्रिल
चार दिवस डोक्यात एकच. विहीणबाई आपलं म्हणतात, मी आपलं. पोरीला कुठं हवंय, हे कुणी विचारलंय?
धुळ्याचं कार्ड नेहमी जावईबापूंच्या नावानं जातं. आज पहिल्यांदा सुमनच्या नावानं टाकलं. लिहिलं ते असं:
"पिल्लू वर्षभर आईच्या कुशीला लागून पोहतं. आई वळली की तेही वळतं. मग एक दिवस आपलं आपण जातं. वाट त्याला ठाऊक असते. विहीणबाईंना सांग, मासा मी मागं घेतला. इथं यायचंय की तिथंच बरं वाटतं, ते तू सांग. तिथं म्हणालीस तर तुझी आई शेवया घेऊन तिकडं येईल, रुसणार नाही. मी रुसेन, पण दोनच दिवस. जे असेल ते तुझ्या हातानं लिही. आणि बाई, लवकर लिही."