पाण्यात गेलेल्याची चाल

तात्या, तुमच्या नातीच्या लग्नाने या घरावर आणलेलं सर्वांत भीषण संकट असं, की माझं लिहिण्याचं मेज पापड वाळवायला अंगणात गेलं. दर आठवड्याला अवघ्या ठाणे जिल्ह्यातल्या ढोंग्यांना सोलणारा मी, आज पाटावर वही ठेवून लिहितो आहे, आणि एकाही ढोंग्याने सहानुभूती दाखवलेली नाही. त्यात भर म्हणजे पापड लाटता लाटता बायका तुमचं तेच पद म्हणताहेत.

संगीत नाटक लिहिणं म्हणजे तुमच्या लेखी निम्मी चालींची शिकार. शाळा सुटली की तुम्ही कल्याणभर हिंडायचात. कीर्तन, जात्यावरची ओवी, फकिराची हाक, काही सोडलं नाहीत. चाल आधी, तिच्यावर शब्द मागाहून. एका संध्याकाळी खाडीकाठी मिठागराच्या बांधावर चार बाया गाताहेत आणि तुम्ही घोटाभर चिखलात उभे राहून चाल घोकताय. मी म्हणतो, "तात्या, विचारा तरी कसलं गाणं ते."

"चालीला सोयर नसतं रे, सुतकही नसतं."

नायिका सासरी निघते त्या पदाला ती चाल लागली. ठाण्याच्या प्रयोगात पुढच्या खुर्च्या 'वन्समोअर' ओरडत होत्या, आणि मागे जमिनीवर बसलेली मिठागराची माणसं एकेक करून उठून जात होती. आवाज न करता. त्यांतला एक म्हातारा दाराशी थांबला.

"मास्तर, ही चाल वरातीची नाय. पान्यात गेलेल्याची हाय. मानूस गावत नाय तवर आमच्या बाया काठावर म्हनतान."

"शब्द तर माझे आहेत ना, बाबा?"

"सबूद तुमचं. हाक आमची."

घरी येऊन तुम्ही हे हसत सांगितलंत. आई हसली नाही.

वर्षभरात कल्याणातली प्रत्येक नवरी त्याच पदावर सासरी जाऊ लागली. मग ताईचं लग्न झालं, भिवंडीला, खाडीपलीकडे. ती पलीकडे नेणाऱ्या होडीत, पडावात बसते, काठावर बायका सूर धरतात आणि तुम्ही ओरडता, "बंद करा!" आत्या म्हणते, "अरे, तुझंच तर पद!" पडाव तोवर सुटला होता.

काही झालं नाही. ताई सुखरूप पोचली. आजही मला फैलावर घेते. पण तुम्ही तिला माहेरी येऊ दिलं नाहीत. दिवाळीला भरती होती, मंगळागौरीला वारा होता. पहिल्या बाळंतपणाला "अजून नको" एवढंच. आई तुमच्याशी बोलेनाशी झाली. नवं नाटक तुम्ही लिहिलं नाहीत. काठावर जाऊन पाणी बघत बसायचात. शेवटी ताई आली ती तुम्ही गेल्यावर. भर दुपारी, ताटासारख्या निवांत पाण्यावरून.

मी भुताखेतांची टवाळी करून पोट भरणारा माणूस. तरी सकाळी व्याह्यांना सहज विचारावं तसं विचारलं, माझ्या लेकीला ठाण्याला सासरी नेणारी गाडी खाडीच्या पुलावरूनच जाते ना? जाते, हे मला पोरवयापासून ठाऊक आहे. बायकांना थांबवायला दोनदा उठलो, दोनदा बसलो. हे पत्र कुठे धाडायचं नाही म्हणून सांगतो: मला भीती वाटते, तात्या.

नाटकाच्या दुसऱ्या आवृत्तीचे कागद तपासायला आलेत. त्या पदाच्या माथ्यावर तुम्ही 'चाल : स्वतंत्र' असं छापलं होतं. ते खोडलं आणि लिहिलं, 'चाल : खाडीकाठच्या मिठागरांतल्या बायकांची.'