खांदे मागे

प्रिय आई,

फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. तू फोन स्पीकरवर ठेवतेस, बाबा आणि काका समोरच बसलेले असतात, आणि मला बोलायचंय छातीबद्दल. दचकू नकोस, व्यायामाचंच आहे.

रविवारी इथे जालन्यात बेंचप्रेसची जिल्हा निवड आहे, हे तुला ठाऊकच आहे. बाकावर उताणं झोपायचं, वजनाचा दांडा छातीपर्यंत खाली आणायचा आणि परत वर ढकलायचा, एवढंच काम. तेवढंच मला जमत नाहीये! खांदे मागे ओढून बाकाला चिकटवायचे, छाती वर काढायची, कोपरं फार फाकवायची नाहीत, म्हणजे जोर छातीचा लागतो. मला सगळं तोंडपाठ आहे. पण दांडा हातात आला की खांदे आपोआप पुढे येतात, छाती आत जाते आणि सगळा भार खांद्यांवर पडतो. दुसऱ्या दिवशी दुखायला हवी छाती, दुखतात खांदे. वेणी घालायला हात वर जात नाही. माझ्या मागून आलेली गंधाली माझ्यापेक्षा जास्त वजन उचलतेय. वैताग आलाय नुसता. आणि निवड झाली नाही तर बाबा म्हणणार, पुरे झाले लाड, सामान बांध आणि घरी ये.

काल आमच्या प्रशिक्षक उमा मॅडम चिडल्या. म्हणाल्या, "साधना, एवढं काय लपवून राह्यलीस तू?" उत्तर मला बराबर माहीत होतं.

आठवीत होते मी. तीर्थपुरीच्या बाजारातून आपण दोघी येत होतो आणि तू माझ्या पाठीत बोट खुपसलंस. "खांदे पाडून चाल की गं, लोक बघून राह्यले." मग रोज तेच. ओढणीला दोन्हीकडून पिना, दप्तर छातीशी धरलेलं, मान खाली. मी शहाण्या मुलीसारखं ऐकलं. इतकं ऐकलं की आता माझं अंग माझंच ऐकत नाही.

मला तुझा राग येतो, आई. खूप येतो. आणि मग डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन येणारी तू आठवतेस. मान ताठ, खांदे मागे, कुणाची पर्वा नाही. ओसरीवर गाठोडं उतरवलं की लगेच पदर ओढून वाकतेस. आज दांडा धरताना तुझं ते चालणं डोळ्यांपुढे आणलं आणि एकदाच, पण जमलं. छाती अशी ताणली गेली की मला हसूच आलं. पुढच्या खेपेला खांदे परत पुढे. रविवारी काय होणार, देव जाणे.

पण पत्र त्यासाठी नाही. सुरेखामावशीकडच्या साखरपुड्याचा फोटो पाठवलास ना, त्यात आपली धाकटी शालू तुझ्या शेजारी उभी आहे. यंदा आठवीत गेली ती. खांदे पुढे, हात छातीवर घट्ट बांधलेले, नजर जमिनीवर. मी फोटो मोठा करून पाहिला. तिच्या पाठीवर तुझा हात आहे. तो काढू नकोस, आई. फक्त या वेळी तिला म्हण, सरळ उभी राहा.

तुझीच,
साधना