विहिरीतला लाल पट्टा

आबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. सांगोल्याच्या माळावरच्या त्या विहिरीबद्दल आज लिहितो आहे. तुम्ही काकांना, तुमच्या धाकट्या भावाला, बरोबर घेऊन गावोगाव विहिरी खणायचात. मी पुण्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होतो, सुट्टीला आलो होतो. काळा दगड फोडल्यावर खाली पुरुषभर जाडीचा लाल पट्टा लागला. आपण दोघंच खाली उतरलो होतो. तुम्ही एक तुकडा बोटांनी चुरलात आणि म्हणालात, “ही मातीच हाय. पाणी लागलं की सुटंल. आदी दगडानं बांदून घिऊ.”

मी हसलो. म्हटलं, हा ज्वालामुखीचाच दगड आहे. लाव्ह्याचा एक थर निवला, हजारो वर्षं पावसात कुजला, त्यातलं विरघळणारं वाहून गेलं. लोखंड मागे राहून गंजलं, म्हणून हा लाल. मग वरून दुसरा लाव्हा आला आणि तो विटेसारखा भाजून निघाला. “वीट कुठं सुटते, आबा? बांधण्यात पंधरा दिवस जातील.” तुम्ही बोटांवरची लाल माती धोतराला पुसलीत. “तू शिकलायस. ऱ्हाऊ दे मग.”

चौथ्या दिवशी पाणी लागलं. दुपारी काका खाली एकटे पहार चालवत असताना भिजलेला पट्टा एका बाजूने खाली आला. आपण हातांनी माती उपसतो आहोत, काका ओरडत नाहीत, नुसते वर बघतात. मोटारीने सोलापूरला नेलं. गुडघ्याखालून पाय कापावा लागला. शेताचे मालक दवाखान्यात आले. “बांधून का घेतलं नाही?” मी तुमच्या शेजारीच उभा होतो. तुम्ही म्हणालात, “माजी चूक झाली.” त्यानंतर तुम्हाला कुणी विहीर दिली नाही. घरी मला एकदाच म्हणालात, “पुस्तकातलं खोटं न्हाय. पर हात लावून बगायचं की.”

पुढे मी कोल्हापूरच्या पश्चिमेच्या पठारांवर बॉक्साइट शोधत फिरलो. मूळचा दगड तोच, पण तिथे पाऊस धो धो. लोखंड उरलं तिथे तांबडा जांभा; तेही बरंचसं धुऊन गेलं तिथे फिकट बॉक्साइट, ज्यातून ॲल्युमिनियम काढतात. हाताखालच्या पोरांना मी हे शिकवतो. माझी चूक मात्र सांगत नाही.

काका अजून आहेत, करकंबला लेकीकडे. मागच्या महिन्यात भेटलो तर म्हणाले, “दादानं तेवडी घाई केली नसती तर.” मी चहा पीत राहिलो. हे पत्र खरं तर त्यांना लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिणं सोपं होतं.