सात नंबरच्या गाडीचे दिवे

८ नोव्हेंबर १९७६, सोमवार

सात नंबर पुन्हा आली. आठवड्यात तिसऱ्यांदा! दिवे मंद पडतात म्हणे. बॅटरी पाहिली, डायनॅमो पाहिला, होल्डर घासले, काचा पुसल्या. काही नाही. शेडमध्ये ताडपत्री लावून अंधार केला आणि दिवे लावले, तर माझेच डोळे दिपले. तरी वहीत लिहावं लागलं. आमचे मालक बाबूलालशेठ, त्यांचा नियमच आहे — ट्रकच्या ड्रायव्हरनं तक्रार केली की इलेक्ट्रिशियननं दोष शोधायचा, वहीत लिहायचा, खाली सही करायची. "दोष नाही" असं लिहिलेलं शेठला चालत नाही. लिहिलं: दिव्यात दोष, दुरुस्त.

दुसरा कोणी असता तर चार शब्द सुनावले असते. पण सात नंबर चालवतात महादेवराव, माझे व्याही. कांताचे सासरे. मुलीच्या बापानं व्याह्याला "तुमचं चुकतं" म्हणायची आमच्यात रीत नाही. लग्नाला दोन वर्षं झाली, त्यांच्यासमोर मी अजून खुर्चीला पाठ टेकत नाही.

११ नोव्हेंबर

सापडलं! निदान तसं वाटतं.

आम्ही दिवे बांधतो ते रिकाम्या गाडीवर. गाडी भिंतीसमोर उभी करायची, खडूच्या रेघेवर उजेड आणायचा, झालं. पण काटोलला संत्री भरली की गाडी मागून बसते आणि नाक वर करते. उजेड रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर! आज भरलेली गाडीच भिंतीसमोर घेतली, नवी रेघ मारली, दिवे खाली ओढले. पंधरा वर्षं हे ध्यानात आलं नाही म्हणजे कमाल माझी. घरी येऊन हौसेनं हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी जेवून घ्या.

१४ नोव्हेंबर

महादेवराव म्हणतात, काही फरक नाही.

१७ नोव्हेंबर, बुधवार

काल स्वतःच त्यांच्यासोबत गेलो. म्हटलं, चालत्या गाडीत काय होतं ते बघूच. काटोलला संत्री भरून आठला निघालो. माल सकाळच्या लिलावाला नागपुरात पोचवायचा असतो, म्हणून हा रात्रीचा प्रवास.

दिवे उत्तम होते. रस्त्यावरचा दगडन् दगड दिसत होता. मी मनातून खूश. तेवढ्यात समोरून एक ट्रक आला, गेला. तो गेल्यावरही महादेवराव ताठच बसलेले, स्टिअरिंग घट्ट धरून. गाडी हळूहळू कडेला सरकायला लागली. पुढे एक बैलगाडी होती, खाली कंदील लटकलेला. मला केव्हाचा दिसत होता. मी वाट पाहत राहिलो, आता ब्रेक लावतील, आता लावतील. शेवटी ओरडलो. गाडी थांबली ती बैलगाडीपासून हातभर अंतरावर. गाडीवान वर झोपलेला होता, त्याला जागही आली नाही.

महादेवरावांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "समोरून गाडी आली का सारं पांढरं होते. मंग बराच वेळ काहीच दिसत नाही."

त्यांनी गाडी पुन्हा चालू केली.

"पर दिव्यातच दोष हाय, व्याहीबुवा. तुमी तसंच लिहा. हंगाम झाला का मेडिकलच्या दवाखान्यात दाखवतो डोळे."

ते माझ्याकडे न बघता बोलत होते. आजवर त्यांनी मला कधी काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, लिहितो.

१८ नोव्हेंबर

लिहिलं. दिव्यात दोष, दुरुस्त.

काय करणार? जावई गोविंदा कापसाच्या जिनिंगमध्ये होता, ते जिनिंग बंद पडून वर्ष झालं. काटोलच्या त्या घरात आता एकटे महादेवराव कमावतात. शेठच्या कानावर डोळ्यांचं गेलं तर दुसऱ्या दिवशी सात नंबरवर दुसरा माणूस बसेल. आणि कांता दिवाळीपासून बाळंतपणाला माझ्याकडे आहे. बाळ घेऊन ती परत जायची ती त्याच घरात ना? हंगाम सरायला दीड महिना आहे. दीड महिना निघून जाईल.

२५ नोव्हेंबर

दिव्यात दोष, दुरुस्त.

२९ नोव्हेंबर

परत तेच. आता तर गाडीला हातही लावत नाही. वही उघडतो, लिहितो, सही करतो. नवीन माणसाला दिवे बांधायला शिकवताना मी किती बडबड करायचो! थकवा येतो नुसत्या वहीचा.

९ डिसेंबर

झालं. ज्याची भीती होती तेच झालं.

काल रात्री फेटरीच्या अलीकडे सात नंबर एका बैलगाडीवर गेली. गाडीवान नत्थू मागे उतरून दोर आवळत होता. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्यापासून कापला.

महादेवरावांना खरचटलंसुद्धा नाही. ही देवासमोर दिवा लावून बसली. मला तिचा राग आला, मग माझाच आला.

१२ डिसेंबर, रविवार

शेठनं हवालदारासमोर वही ठेवली. ऑक्टोबरपासून अकरा वेळा दिव्यात दोष! अकरा वेळा दुरुस्त! प्रत्येक ओळीखाली माझी सही. शेठ म्हणाला, ड्रायव्हर बिचारा सांगून सांगून थकला, या माणसानं काम केलं नाही. हवालदारानं विचारलं, काय रुपराव, हे खरं?

महादेवराव दाराशी उभे होते. मान खाली. मी एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. पण म्हणालो, "दिवे माझ्याच्यानं नीट झाले नाही."

जबानीवर सही केली. नोकरी गेली, पुढे केसही होईल. अख्ख्या नागपुरात माझ्यासारखे दिवे कोणी बांधत नाही, असं म्हणायचे लोक. आता म्हणणार नाहीत. याचंच सगळ्यात वाईट वाटलं, नत्थूचं नंतर. खोटं कशाला लिहू?

१४ डिसेंबर

मेडिकलला गेलो. नत्थू झोपला होता. खाटेशी त्याची बायको बायजाबाई. कोण तुम्ही, म्हणून तिनं विचारलं. गाडीवाल्यांकडचा, एवढंच सांगितलं. ती भांडेल असं वाटलं होतं. ती तेच तेच सांगत राहिली.

"कंदील लागेल होता, भाऊ. तेल म्याच टाकलं होतं. इतक्या दुरून दिसते तो. मंग तुमच्या मानसाले काहून नाही दिसला?"

 उठून आलो.

१८ डिसेंबर

महादेवराव पुन्हा सात नंबरवर! ड्रायव्हरचा दोष नाही म्हटल्यावर शेठनं गाडी परत दिली. कालपासून संत्र्यांच्या फेऱ्या परत सुरू. मला कांतानं सांगितलं, अगदी सहज, भाकरी करता करता.

"बाबा, तुमी मामाजीचं नाव नाही घेतलं, बेस केलं. आता हे बसतात त्यायच्या बाजूले. समोरून गाडी आली का सांगतात, डाव्या हातानं घ्या म्हणून."

हे म्हणजे गोविंदा. माझा जावई! मी विचारलं, "तुले माहीत होतं का वं, त्यायच्या डोळ्याचं?"

"राखीपासून. सांगून काय झालं असतं?"

तिला माहीत होतं, गोविंदाला माहीत होतं, मला माहीत होतं. एकट्या नत्थूला माहीत नव्हतं. आणि आता एक आंधळा आणि त्याला वाट सांगणारा, दोघं रात्रीचे भरली गाडी पळवत आहेत, ते माझ्या सहीवर. भाकरी तशीच ताटात राहिली.

२० डिसेंबर

ठाण्यात जाऊन जबानी बदलली. दिवे चांगले होते, वही खोटी आहे, महादेवरावांना रात्रीचं दिसत नाही — सगळं सांगितलं. घरी येऊन कांतालाही सांगितलं.  आठवा महिना, वाकवत नाही, तरी खाली बसून पेटी भरते आहे. सकाळच्या मोटारीनं काटोलला जाते म्हणते.