पुढच्या शंभर थाळ्या

२८ नोव्हेंबर
दादाशी पुन्हा वाजलं. या खेपेला वहिनींसमोर, आणि खाली पोळ्या लाटणाऱ्या बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.
झालं असं की यात्रा कंपनीचा मॅनेजर सोनटक्के नाशिकहून इथे काशीत आला होता. सध्या आमच्या भोजनालयातून रोज दोनशे थाळ्या घेतो, १३० रुपये दराने. माघात गर्दी वाढणार म्हणून आणखी शंभर मागतोय. पण या वरच्या शंभरांचे १२०च देणार. दादाचा हिशेब तयारच होता. "आपल्याला थाळी पडते एकशे दहाला. हा देतो एकशे वीस. शंभर थाळ्यांचे हजार रुपये रोज सुटले. और क्या चाहिए?"
मी म्हटलं, एकशे दहा ही दोनशे थाळ्यांची सरासरी आहे. आचाऱ्याचा पगार, विजेचं बिल, सगळं त्यात वाटून आलंय. पुढची थाळी कितीला पडेल ते वेगळं काढावं लागतं.
"हे तुझ्या बी.कॉम.च्या पोरांना शिकव."
शिकवतेच आहे. पोटासाठी तेच करते. बाबांनी भोजनालय आम्हा दोघांच्या नावावर केलं, निम्मं-निम्मं. हे मात्र तो सोयीने विसरतो.

३० नोव्हेंबर
वर्गात नेमका तोच धडा. मागच्या बाकावरून एक जण, "मैम, एवरेज निकाल लिया तो फिर ये सी-डैश काहे को?" म्हणजे माझ्या घरातला प्रश्न कॉलेजातही बसलेला.
फळ्यावर आमचीच थाळी घातली. तीन महिन्यांच्या बिलांवरून मांडलेली आहे. रोजचा खर्च = ६००० + ४०x + (x² भागिले ५). सहा हजार काही झालं तरी जाणारच. चाळीस म्हणजे प्रत्येक थाळीतला तांदूळ-भाजी-तेल. आणि तो वर्ग म्हणजे दाटी. एवढ्याशा स्वैपाकघरात काम वाढलं की जे जे महाग होत जातं ते.
दोनशेला डेरिव्हेटिव्ह काढलं, म्हणजे तोच सी-डॅश: आणखी एका थाळीने खर्च किती वाढतो. ४० अधिक ८०. पुढची थाळी एकशे वीसला.
पोरांनी उतरवून घेतलं. "एग्जाम में आएगा?" आलं नाही तरी आयुष्यात येईल म्हणणार होते, फळा पुसला.

१ डिसेंबर
मूर्ख मी. जिन्यातच दादाला सांगितलं, पुढची थाळी आपल्याला एकशे वीसला पडते.
"म्हणजे बरोबरीत. नुकसान नाहीच! तुझ्या तोंडचं आहे हं."
अरे, तो आकडा फक्त पुढच्या एका थाळीचा. फार तर चार-दोन थाळ्यांना चालेल. शंभरांना नाही. पुढे पुढे तो चढत जातो. तीनशेव्या थाळीला एकशे साठ लागतात. मधला धरला तर हे वरचे शंभर एकशे चाळीसने पडतील आणि सोनटक्के देणार एकशे वीस. रोजचे दोन हजार घरातून घालायचे. आज चार हजार सुटतात, ते दोन होतील.
हे सगळं मी त्याच्या पाठीला सांगितलं. तो फोनवर "हां सोनटक्के साहेब, बोला" करत गल्लीत गेला होता.

५ डिसेंबर
जेवताना दादाने स्वतःहून विषय काढला. टोचूनच, पण काढला. "खर्च चढतो, खर्च चढतो म्हणतेस. कशाने चढतो? काय जादू आहे?"
सांगितलं. सामानाची गाडी मैदागिन चौकाच्या अलीकडेच थांबते, दोनशेच्या वर थाळ्या झाल्या की ठेल्याची दुसरी खेप. सिलिंडर गल्लीतून खांद्यावर आणायला हमाल. पण खरी गोम पोळ्यांची. दोनशेपर्यंत सहा बायका वेळेत उरकतात. त्यापुढे त्यांना थांबवून घ्यावं लागतं, तेव्हा दुप्पट मजुरी. खर्चाची रेषा तिथे वर वळते.
"पोळ्यांवर?"
पोळ्यांवर.
पहिल्यांदाच तो माझं बोलणं जेवण थांबवून ऐकत होता. वहिनीसुद्धा. वरण वाढताना म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही असं सोपं करून सांगत जा की." बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

९ डिसेंबर
करार करून आला. शिवरात्रीपर्यंत रोज तीनशे. एकट्याच्या सहीने.
"तू कॉलेजात होतीस."
कॉलेज काही लंकेत नाही.

३ जानेवारी
कालपासून तीनशे सुरू. धुकं. बस उशिरा, भात गार, पुन्हा गरम, पुन्हा गार. जादा सिलिंडर. आचारी आणि दादाची जुंपली. कमला पाच जणींना घेऊन अंधार पडेपर्यंत लाटत होती. कमला म्हणजे सहा जणींतली वडील. आईच्या हाताखाली घडीची पोळी शिकली, आता आमच्यापेक्षा बरी करते. मी पाणी घेऊन गेले तर मान वर न करता, "रख दीजिए दीदी."
वहिनी खूश. गल्ला भरलेला दिसतो ना.

११ जानेवारी
आठवड्याचा हिशेब बसला. जिथे रोज चार हजार सुटायचे तिथे एकवीसशे. माझा अंदाज दोन हजारांचा होता.
आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, घरातच पैसे बुडतायत. नाही वाटली. कागद घेऊन खाली गेले आणि त्याच्या पुढ्यात ठेवला.
दादा म्हणाला, "तुझी नजर लागली धंद्याला."
मी म्हटलं, नजर नाही, वर्ग लागला. x चा.
त्याने कागद चुरगाळून चुलीत टाकला. त्याने काय होतंय. पाठ आहे मला.

१४ जानेवारी
संक्रांत. दादाने आचाऱ्याला तिळगूळ दिला, बायकांना दिला, ठेलेवाल्याला दिला. माझी वाटी वहिनींनी दाराबाहेर ठेवली आणि कडी वाजवून गेल्या.

१७ जानेवारी
कॉलेजातून आले तर स्वैपाकघराच्या दारात लाकडी खोकं फोडलेलं. आत पोळ्यांचं मशीन. स्टीलचं, पलंगाएवढं, हप्त्यावर घेतलेलं. एका बाजूने कणकेचा गोळा टाकायचा, दुसऱ्या बाजूने चकत्या पडतात. पाट-लाटणी ओट्याखाली ढकललेली.
बायका नाहीत. सहाही काढल्या.
कमला गल्लीच्या तोंडाशी भेटली. थांबली माझ्यासाठी, की तशीच उभी होती, माहीत नाही. "मालिक कहत रहलन, दीदी हिसाब जोड़ले हईं. कि हमहन क रोटी महँगी पड़त हौ. आप जोड़े रहलीं?"
मी म्हटलं, तुमच्या पोळ्या महाग पडतात असं मी नव्हतं म्हटलं.
"जोड़े रहलीं कि नाहीं?"
हिशेब तर मांडला होता. हो म्हणावं लागलं. ती गेली. बाकीच्या पाच जणी लांब उभ्या होत्या, तिच्यामागून वळल्या.

१८ जानेवारी
दादाला गाठलं. मशीनच्या आवाजात ओरडावं लागत होतं, बरंच झालं.
माझं नाव का घेतलंस?
"खोटं बोललो का? तूच म्हणालीस, रेषा पोळ्यांवर वळते. वळण काढून टाकलं."
मी थाळ्या कमी कर म्हटलं होतं. बायका नाही.
"तसं म्हणाली नव्हतीस. आणि तुझ्या त्या समीकरणात बायका आहेत कुठे? दाखव मला. सहा हजार आहेत, चाळीस आहेत, तो वर्ग आहे. बायका दाखव."
मी मशीन बंद केलं, खटकाच खाली ओढला. आचारी हसला. दादाने खटका पुन्हा वर केला. मी पुन्हा खाली. वहिनी मध्ये पडल्या, "शेजारी ऐकतायत." ऐकू देत. दूधविनायकाच्या गल्लीत आमचं भांडण कुणाला नवं नाही.

१९ जानेवारी
नवं समीकरण मांडलं. स्थिर खर्च वाढला, हप्ता आला. पण वर्गाचा आकडा एकदम उतरला. तीनशेला रोजचे साडेतीन हजार सुटतात.
म्हणजे करार गळ्यात असताना कागदावर दादा बरोबर निघतो. दोनदा तपासलं. बरोबर.
दोनशे थाळ्या आणि सहा बायका होत्या तेव्हा चार हजार सुटत होते, हेही कागदावरच आहे. हे त्याला ओरडून सांगेन. पहिलं सांगणार नाही. मरेपर्यंत नाही.

२५ जानेवारी
यवतमाळचे एक आजोबा ताटावरून उठले. हातात पोळी धरून दादापुढे उभे. "ही पोळी म्हणता? वाळवून लिहायला घ्या." सगळी पंगत हसली. मी जिन्यात उभी होते, मीही हसले. दादाने पाहिलं.

२७ जानेवारी
सोनटक्के आला, भोसले घाटाकडे कुठेसा उतरलाय. बसला नाही, चहा घेतला नाही. पोळी आठवड्यात सुधारली नाही तर तीनशेच्या तीनशे बंद. दुसरीकडे बघतो म्हणाला. आता दादाचा एकशे दहा काय, एकशे तीस काय. शून्याला सगळं सारखंच.
दादा रात्री जेवला नाही. मी जेवले.

२९ जानेवारी
संकठा घाटाच्या पायऱ्यांवर कमला समोरून आली. मी बाजूला होणार होते, तिनेच अडवलं.
सहा जणींनी मिळून तिच्या अंगणात तवे मांडलेत. दोन लॉजवाले पोळ्या घेऊ लागलेत. आणि काल आमच्या आचाऱ्याकरवी दादाचा निरोप आला: रोज तीनशे थाळ्यांच्या पोळ्या द्या, नगावर पैसे देतो, भाव सांगा.
"भाव आप बताइए दीदी. उनके घर का हिसाब आपको मालूम है."
मालूम आहे. पोळी नाही आली तर दादाचं काय बुडतं, किती भावापर्यंत तो "नाही" म्हणू शकणार नाही, पैशापर्यंत सांगता येईल. तिला ठाऊक आहे की मला ठाऊक आहे. म्हणून तर आली. माझ्यावरचा राग गेलेला नाही. बोलताना माझ्याकडे बघत नव्हती, नदीकडे बघत होती.
सांगते म्हटलं.

३१ जानेवारी
दादा वर आला. त्या भांडणानंतर पहिल्यांदा माझ्या खोलीत. उभाच.
"कमलाने तुला विचारलं?"
विचारलं.
"आकडा दिलास तर वाटणी, मालू. मग तू तुझी, मी माझा."
वाटणी मी मागणार होते, म्हटलं.
"माग की. पण तिने जास्त घेतले तर निम्मे तुझ्या खिशातले जाणार. एवढं तरी गणित येतं ना?"
येतं. हेच एक गणित त्याने मला बरोबर सांगितलं. मी म्हटलं, माझ्या नावाने त्या गेल्या, माझ्या नावाने परत येऊ देत. तर म्हणाला, "परत कोण बोलावतंय? पोळ्या मागवल्यात, बायका नाही."
हातातली वही फेकून मारली. लागली नाही. दाराला लागली.

२ फेब्रुवारी
कमलाच्या अंगणात गेले. तीन तवे पेटलेले, बाजूला कणकेची परात. कुणी बस म्हटलं नाही. एकीने फक्त पाट पायाने माझ्याकडे सरकवला.
मी सुरुवात केली. तवे किती? सहाही जणी रोज येणार का? लॉजच्या पोळ्या झाल्यावर या तीनशे थाळ्यांच्या कधी लाटणार? जास्त थांबावं लागलं तर कोण थांबणार? वाढत्या कामाचा भाव वेगळा धरायला हवा, नाहीतर सरासरीत फसाल, दादासारख्या...
कमलाने लाटणं खाली ठेवलं. "हमहन के मत गिनिए दीदी. एक बार गिन चुकी हैं. बस भाव बता दीजिए."
बाकीच्या पाच जणींचे हात थांबले. तव्यावरची पोळी करपायला लागली तरी कुणी उलटेना.
न मोजता भाव सांगता येत नाही. निदान मला येत नाही. कागद उचलून परत आले.
कमलाला उद्या सकाळी दादाला भाव कळवायचाय. अजून सांगितलेला नाही. ना तिला, ना त्याला. कागद पुढ्यात आहे, वर फक्त x लिहिलाय.